उष्णतेचं वहन: खान्देशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि जानेवारीत धुळ्याच्या शिवारात तोच पारा एक आकडी होतो. उष्णता कशी वाहते हे शिकायला याहून चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. हे प्रश्न सातवीपासून दहावीपर्यंतच्या मुलामुलींचे आहेत. काही पुस्तकातले आहेत, बरेचसे घरातले, चुलीजवळचे आणि धाब्यावरचे, म्हणजे घराच्या मातीच्या छतावरचे आहेत.

वहन म्हणजे नेमकं काय?

पदार्थाच्या गरम भागाकडून थंड भागाकडे उष्णता सरकते, पण पदार्थाचे कण मात्र जागा सोडत नाहीत, तेव्हा त्याला वहन म्हणतात. लोखंडी सळईचं एक टोक चुलीत खुपसलं की तिथले कण जोरात थरथरू लागतात. ते शेजारच्या कणांना धक्के देतात, शेजारचे त्यांच्या शेजाऱ्यांना. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली पुढे देतात, तसंच हे आहे: माणूस जागेवरच राहतो, घमेलं वर पोचतं. थोड्या वेळाने हातातलं टोकही तापतं.

वहन मुख्यतः स्थायूंमध्ये महत्त्वाचं असतं. पाणी आणि हवा यांच्यात कण स्वतःच उष्णता घेऊन वर चढतात, ते अभिसरण. सूर्यापासून आपल्यापर्यंत उष्णता येते ती प्रारणाने, तिला मध्ये कुठल्याही पदार्थाची गरज नसते.

उष्णता आणि तापमान एकच ना?

नाही. उष्णता ही ऊर्जा आहे, ती ज्यूलमध्ये मोजतात. तापमान म्हणजे पदार्थ किती गरम आहे याचं माप. घंगाळभर कोमट पाण्यात लालबुंद टाचणीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा असते. तरी टाचणी पाण्यात टाकली की उष्णता टाचणीकडूनच पाण्याकडे जाते. दिशा ठरवतो तो तापमानातला फरक. कोणाकडे ऊर्जेचा साठा मोठा आहे याचा तिथे संबंध नाही. दोन्हींचं तापमान सारखं झालं की उष्णतेची देवघेव तोलली जाते आणि एकूण प्रवाह थांबतो.

लोखंडी खाटेची नळी हाताला चटका देते, शेजारची लाकडी खुर्ची देत नाही. लोखंड जास्त तापलेलं असतं का?

हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

उन्हात ठेवलेल्या दोन वस्तूंची तापमानं रंग, आकार आणि वारा यांवरून थोडी वेगळी असू शकतात. म्हणून आधी दोन्ही वस्तू ओसरीत, सावलीत, रात्रभर ठेवलेल्या आहेत असं धरा. आता दोन्हींचं तापमान हवेइतकं, म्हणजे सारखंच आहे. तापमापी लावून बघा, फरक दिसणार नाही.

तरी जानेवारीच्या पहाटे, हवा १० अंशांवर असताना, लोखंडाला हात लावला की बोटं गारठतात आणि लाकूड मात्र तितकं थंड लागत नाही. कारण तुमच्या तळहाताच्या त्वचेचं तापमान ३२-३३ अंशांच्या आसपास असतं. हाताची उष्णता लोखंड झटकन आत ओढून घेतं. लाकडाला हे जमत नाही. बोटाखालचा लाकडाचा पातळ थर तेवढा कोमट होतो आणि पुढे उष्णता अडते.

हीच खाट मे महिन्याच्या दुपारी सावलीत ४४ अंशांवर असते. आता हात थंड आणि खाट गरम. लोखंड आपली उष्णता त्याच झपाट्याने हाताकडे लोटतं, लाकूड रेंगाळत देतं. म्हणून लोखंड जास्त तापलेलं भासतं.

म्हणजे एकच लोखंड थंडीत जास्त थंड आणि उन्हाळ्यात जास्त गरम लागतं. मधल्या दिवसांत, लोखंडाचं तापमान त्वचेइतकंच असताना, ते थंडही लागत नाही आणि गरमही लागत नाही. वर्षभरात ही तिन्ही रूपं आपल्या अंगणात बघायला मिळतात. त्यावरून एक गोष्ट पक्की धरा: हात तापमान मोजत नाही, उष्णता किती वेगाने येते किंवा जाते, ते त्याला कळतं. पुढची निम्मी उत्तरं याच वाक्यातून निघतात.

उन्हात तापून ६० अंशांच्या वर गेलेल्या लोखंडाला काही सेकंद हात टेकला तरी कातडी भाजू शकते. उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला किंवा मोटारसायकलच्या टाकीला सहज म्हणून हात लावू नका.

धातूच इतके चांगले वाहक का?

धातूंमध्ये कणांच्या थरथरीखेरीज आणखी एक वाहतूक चालू असते. त्यांच्यातले काही इलेक्ट्रॉन कुठल्याही एका अणूला बांधलेले नसतात, ते सगळीकडे हिंडत असतात. गरम टोकाकडे ऊर्जा घेऊन ते थंड टोकापर्यंत फार वेगाने पोचवतात. हेच इलेक्ट्रॉन वीजही वाहून नेतात, म्हणूनच विजेचा चांगला वाहक असलेला धातू बहुधा उष्णतेचाही चांगला वाहक असतो. विडेमन आणि फ्रान्झ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ साली हे नातं मोजून दाखवलं.

याला एक देखणा अपवाद आहे: हिरा. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज त्यातून जात नाही. पण कार्बनचे अणू एकमेकांना इतके घट्ट जखडलेले असतात की थरथर विलक्षण वेगाने पुढे जाते. उष्णता वाहून नेण्यात हिरा तांब्यालाही कितीतरी मागे टाकतो.

कोण किती चांगला वाहक? आकडे सांगा.

उष्णता वाहकतेचं एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन असं आहे. पुढचे आकडे साधारण आहेत. पदार्थाची शुद्धता, ओलावा आणि तापमान यांप्रमाणे ते थोडे बदलतात.

चांदी ४२०
तांबं ४००
सोनं ३१५
अॅल्युमिनियम २३५
पितळ ११० ते १२०
लोखंड ८०
स्टेनलेस स्टील १५
काच १
वीट ०.६ ते ०.८
पाणी ०.६
लाकूड ०.१ ते ०.२
कापूस ०.०४
स्थिर हवा ०.०२६

जळगावच्या सराफ बाजारातलं सोनं आणि चांदी यांत चांदी सरस, हे पुष्कळांना नवं वाटतं. पण माझ्या मते खरी नजर ठेवावी ती शेवटच्या ओळीवर. तांब्याची वाहकता स्थिर हवेच्या सुमारे पंधरा हजार पट आहे. आपली गोधडी, पक्ष्यांची पिसं, थर्माकोल आणि लाकडाचा भुसा यांचं सगळं काम त्या शेवटच्या ओळीवर चालतं.

स्टीलच्या पातेल्यात भाजी मध्येच का करपते?

स्टील उष्णता आडवी पसरवायला कमी पडतं. ज्योतीच्या वरचा भाग तापत राहतो आणि कडेचा मागे राहतो. तळाला तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा थर दिला की उष्णता आधी बाजूंना पसरते. तव्याची मूठ बेकलाइटची किंवा लाकडाची असते ती याच्या उलट कारणासाठी.

खापरावरची पुरणपोळी लोखंडी तव्यावर तशी का होत नाही?

ज्यांनी खापर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: हे मातीचं मोठं, खोलगट भांडं. चुलीवर ते पालथं घालतात आणि हातावर वाढवत नेलेली भलीमोठी पोळी त्याच्या पाठीवर टाकतात. खान्देशात लग्नकार्याला आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, हे दृश्य हमखास दिसतं.

आता विज्ञान. भाजलेल्या मातीची वाहकता लोखंडाच्या साधारण शंभराव्या भागाइतकी असते. त्याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम चुलीशी निगडित आहे. काड्यांचा जाळ कधी भडकतो, कधी बसतो. लोखंडी पातळ तव्यावर हा चढउतार लगेच वर येतो. खापराच्या जाडीतून उष्णता वर यायला वेळ लागतो, त्यामुळे जाळ क्षणभर भडकला तरी वरच्या पाठीला तो फारसा कळत नाही.

दुसरा परिणाम पोळीशी निगडित आहे, आणि तो खाटेच्या उत्तराचंच पुढचं पाऊल आहे. खापर आणि लोखंडी तवा दोन्ही अगदी सारखे तापलेले आहेत असं समजा. ओली पोळी टाकताच टेकलेला पृष्ठभाग आपली उष्णता देऊन बसतो. लोखंडात मागून उष्णता ताबडतोब येते आणि पोळीवर तिचा मारा चालूच राहतो. खापरात ती मागून सावकाश येते. म्हणून खापर भरपूर तापलेलं असूनही पोळीला चटका सौम्य बसतो. एवढी पातळ पोळी आणि आत गोड पुरण! गूळ किंवा साखर करपायला वेळ लागत नाही. सौम्य चटक्यामुळे पुरण करपायच्या आधी पोळी शिजून निघते.

ज्या बायकांनी मातीची ही निवड केली, त्यांनी वाहकतेचा तक्ता पाहिला नव्हता. पण हाताने, डोळ्याने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्या बरोबर त्याच उत्तरापर्यंत पोचल्या. याला मी विज्ञानच म्हणेन.

भरताचं वांगं बाहेरून कोळसा झालं तरी आतून पांढरं, मऊ कसं राहतं?

वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. त्यात पाणी भरपूर आणि बारीक पोकळ्यांत हवा. दोन्ही उष्णतेचे कमजोर वाहक. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर साल काही शे अंशांपर्यंत तापते, पण आत पाणी शिल्लक आहे तोवर गराचं तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तीच वाफ गर शिजवते. वांगं फिरवत राहायचं, कारण एका बाजूने आलेली उष्णता पलीकडे पोचायला फार वेळ लागतो. आधी टोचे मारायचे ते कोंडलेल्या वाफेला वाट मिळावी म्हणून.

आजी म्हणते, ‘गोधडी ऊब देस.’ गोधडी खरंच ऊब देते?

ऊब तुमच्या शरीराची असते. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकून बसते, आणि स्थिर हवा किती वाईट वाहक आहे ते वर आलंच आहे. याच कारणाने एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे पुष्कळदा जास्त उबदार वाटतात.

खात्री करायची असेल तर बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक गोधडीच्या तुकड्यात गुंडाळा, दुसरा उघड्या ताटलीत ठेवा. गोधडी स्वतः ऊब देत असती तर तिच्यातला बर्फ आधी वितळला असता. प्रत्यक्षात तो जास्त वेळ टिकतो. रसवंतीवाले बर्फाच्या लादीवर भुसा टाकतात, पोतं घालतात, तेही यासाठीच. बर्फाकडे येणारी उष्णता अडली की झालं.

‘थंडी आत येते’ असं उत्तरपत्रिकेत लिहिलं तर चालेल?

नको. बोलताना म्हणा, लिहिताना नाही. थंडी नावाचं काही वाहत नाही. उष्णता बाहेर जाते, म्हणून आपल्याला थंडी वाजते.

धाब्याचं घर उन्हाळ्यात थंड का असतं?

धाब्याच्या घराच्या भिंती मातीच्या आणि जाड, दीड-दोन फुटांच्या. वर लाकडी कड्या, त्यांवर लाकडांचा किंवा काड्यांचा थर आणि मग मातीचा जाड थापा. आधी जाडीचा हिशेब करू.

भिंतीतून दर सेकंदाला किती उष्णता जाते याचं सूत्र फ्रेंच गणिती जोसेफ फुरिये यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांचा उष्णतेचा सिद्धांत १८२२ साली प्रसिद्ध झाला.

दर सेकंदाची उष्णता = वाहकता × क्षेत्रफळ × तापमानातला फरक ÷ जाडी

भिंत १० चौरस मीटर, जाडी ०.४५ मीटर (दीड फूट), वाहकता ०.७५ धरू. बाहेरची बाजू ४५ अंश, आतली ३३ अंश, म्हणजे फरक १२. मग ०.७५ × १० × १२ ÷ ०.४५ = २०० वॅट. हीच भिंत निम्म्या जाडीची, नऊ इंची केली तर ४०० वॅट. जाडी निम्मी, उष्णता दुप्पट.

पण एवढ्यावर थांबलं तर धाब्याची खरी कमाल कळत नाही. हे सूत्र दोन्ही बाजूंची तापमानं बराच काळ स्थिर असतील तेव्हाचं आहे. आपल्याकडे दुपार जाऊन रात्र येते. भिंतीतून आत शिरणारी उष्णता वाटेत प्रत्येक थराला आधी तापवते आणि मगच पुढे सरकते. मातीच्या भिंतीत दिवसरात्रीची ही लाट फूटभर आत जायला साधारण दहा तास घेते, आणि पोचेपर्यंत तिचा चढउतार मूळच्या दहाव्या भागाहूनही कमी उरतो. दुपारी दोनचा तडाखा दीड फुटी भिंतीच्या आतल्या बाजूला पहाटे पोचतो, तोही क्षीण होऊन. तोवर बाहेरची हवा निवलेली असते.

छत मात्र दिवसभर थेट ऊन झेलतं आणि भिंतींपेक्षा पातळ असतं. त्याची उष्णता संध्याकाळी आणि रात्री खोलीत उतरू लागते. अशा वेळी आपली माणसं काय करतात? अंथरूण घेऊन धाब्यावर जातात. कोरड्या हवेत, निरभ्र आकाशाखाली, धाब्याचा वरचा पृष्ठभाग प्रारणाने भराभर निवतो. दिवसा घरात, रात्री धाब्यावर: ही सवय भिंतीतल्या उष्णतेच्या वेळापत्रकाला अचूक जुळते.

मग पत्र्याचं घर इतकं का तापतं?

पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याला तापायला क्षण पुरतो आणि उष्णता लगेच खालच्या बाजूला येते. तिथून ती प्रारणाने सरळ डोक्यावर उतरते. पत्र्याखाली मध्ये हवेची पोकळी सोडून दुसरं छत केलं, किंवा पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर चांगला फरक पडतो. पांढरा रंग वहन कमी करत नाही. तो ऊन परत पाठवतो. उत्तर लिहिताना हा भेद सांभाळा.

पाणी दुर्वाहक आहे, मग ते इतक्या लवकर कसं उकळतं?

आपण खालून तापवतो म्हणून. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, थंड खाली येतं. हे अभिसरण आहे. वहन वेगळं काढून बघायचं असेल तर परीक्षानळीच्या तळाशी बर्फाचा खडा ठेवा. बर्फ तरंगतो, म्हणून त्यावर तारेची जाळी दाबून बसवा. नळीत पाणी भरून ती तिरकी धरा आणि वरच्या तोंडाजवळ तापवा. वर पाणी उकळू लागतं, तरी तळाचा बर्फ बराच वेळ तसाच राहतो. शाळेतल्या प्रयोगांत हा माझा सर्वांत आवडता. शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि नळीचं तोंड कोणाकडेही न रोखता करा.

माठातलं पाणी वहनामुळे गार होतं का?

नाही, बाष्पीभवनामुळे. माठाच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून माठ छान काम करतो.

रुळांच्या सांध्यात फट ठेवतात, त्याचा वहनाशी संबंध आहे का?

ते प्रसरण. भुसावळच्या मुलांच्या उत्तरात हा गोंधळ फार दिसतो. आता पुष्कळ ठिकाणी लांबच लांब जोडलेले रूळ असतात, तिथे प्रत्येक सांध्याला फट नसते. स्लीपर आणि खडी रुळांना जखडून ठेवतात.

मेणाचा प्रयोग कसा करायचा?

तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या सारख्या लांबी-जाडीच्या सळया घ्या. प्रत्येकीवर सारख्या अंतरावर मेणाने टाचण्या चिकटवा. सळयांची एकेक टोकं एकाच वेळी तापवा. तांब्यावरच्या टाचण्या आधी गळतील. मेण लावलेल्या सळयांनी धातूंची तुलना करण्याची ही कल्पना अठराव्या शतकात यान इंगनहाउझ यांनी वापरली. हिरव्या पानांना ऑक्सिजन सोडायला सूर्यप्रकाश लागतो, हे १७७९ साली दाखवणारेही तेच.

हुशार मुलांसाठी एक सूचना. टाचणी किती लवकर गळते हे फक्त वाहकतेवर ठरत नाही. सळईला स्वतः तापायला किती उष्णता लागते, त्यावरही ते अवलंबून असतं. नेमकी तुलना हवी असेल तर बराच वेळ थांबा आणि शेवटी प्रत्येक सळईवर मेण कुठपर्यंत वितळलं ते मोजा.

वहन पूर्ण थांबवता येतं का?

वहनाला कण लागतात. कणच काढून टाकले, म्हणजे निर्वात केलं, की वहनही नाही आणि अभिसरणही नाही. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली दुहेरी भिंतींचं, मधली हवा काढून घेतलेलं भांडं बनवलं. आपला थर्मास त्यातूनच आला. भिंतींना चांदीसारखा चकचकीत मुलामा देतात, त्यामुळे प्रारणही बरंचसं अडतं. तरी सकाळी शेतावर नेलेला चहा संध्याकाळपर्यंत कोमट होतोच. दोन्ही भिंती तोंडाजवळ जोडलेल्या असतात, तिथून आणि झाकणातून थोडं वहन चालूच राहतं, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडलं की वाफेबरोबर आणखी थोडी उष्णता निघून जाते.